श्रीलंकेच्या स्टडी टूरचे शेवटचे तीन दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्या आर्किटेक्चरच्या मुलांसाठी

ठाणे-नवी मुंबईतल्या आर्किटेक्चर कॉलेजात परदेशी स्टडी टूरचा विषय निघाला की श्रीलंकेचं नाव हमखास येतं. मुंबईहून अडीच तासांचं विमान, घड्याळाचा काटा हलवावा लागत नाही, खर्च युरोपच्या मानाने आवाक्यातला, आणि तिथले नामवंत वास्तुविशारद जेफ्री बावा यांची कामं बघायला मिळतात. टूरचे पहिले दिवस नीट आखलेले असतात. सिगिरिया किती वाजता चढायचं, कँडीत कुठे उतरायचं, सगळं सरांनी आणि ट्रॅव्हलवाल्याने ठरवलेलं असतं. शेवटचे तीन दिवस मात्र कोणी आखत नाही. तोवर पाय दुखत असतात, फोनची मेमरी भरलेली असते आणि घरून मसाल्यांची आणि चहाची यादी आलेली असते. हा लेख फक्त त्या तीन दिवसांबद्दल आहे.

मी नौपाड्यात छोटं ऑफिस चालवते आणि काही वर्षांपासून मुलांबरोबर टूरला जाते. चौथ्या वर्षाला असताना मीही अशीच गेले होते. कोलंबोतला शेवटचा पूर्ण दिवस आम्ही खरेदीत घालवला. परत आल्यावर ज्युरीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या शीटवरच्या एका चौकाच्या सेक्शनवर, म्हणजे उभ्या छेदाच्या चित्रावर, बोट ठेवून विचारलं, “इथे पावसाचं पाणी पडतं. मग जातं कुठे?” त्या चौकाचे माझ्याकडे जवळजवळ नव्वद फोटो होते. झाडाचे, खांबांचे, मैत्रिणींचे. जमिनीचा उतार किंवा पाण्याची वाट दिसेल असा एकही नव्हता. आणि ज्या दिवशी मी दुकानं फिरत होते, त्या दिवशी तो चौक आमच्या हॉटेलपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर होता. तो प्रश्न मी आजही प्रत्येक बॅचला विचारते, फरक इतकाच की शेवटच्या तीन दिवसांआधी विचारते. तेव्हा उत्तर शोधायला वेळ हातात असतो.

पहिली पायरी: ठाण्यातच शेवटचा दिवस मोकळा ठेवा

नेहमीचा मार्ग असा असतो: कोलंबोत उतरून वर अनुराधापुरा, दांबुला, सिगिरिया, मग कँडी, मग खाली गॉल, बेंटोटा आणि परत कोलंबो. म्हणजे शेवटचे तीन दिवस दक्षिण किनारा आणि कोलंबोत जातात. प्रवासाचा आराखडा हातात आला की विमानाच्या आदल्या पूर्ण दिवसावर पेन्सिलीने काट मारा आणि सरांना सांगा की त्या दिवशी नवीन जागा नको. आधी पाहिलेल्या एका जागी पुन्हा जायचं आहे. सगळी मुलं एकाच जागी जाणार नाहीत, म्हणून चार-पाच जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाबरोबर कोण मोठं असेल ते लिहून द्या. हे लिहून दिलं की परवानगी मिळायला सोपं जातं. अनुभवाने सांगते.

मग कॅलेंडर बघा. श्रीलंकेत दर पौर्णिमेला ‘पोया’ची सुट्टी असते. त्या दिवशी बरीच दुकानं आणि कार्यालयं बंद असतात आणि देवळांत प्रचंड गर्दी असते. तुमचा शेवटचा दिवस पोयाला येत असेल तर खरेदी आणि पैसे बदलणं आदल्या दिवशी उरका. बौद्ध मंदिरात बसून स्केच करायचं असेल तर गर्दी धरूनच चाला. मला स्वतःला पोयाचा दिवस आवडतो. पांढऱ्या कपड्यातली माणसं त्या दिवशी जागा वापरताना दिसतात, आणि एरवी रिकामा वाटणारा ओटा कशासाठी आहे ते कळतं.

कोलंबोतलं बावांचं घर, म्हणजे ३३व्या लेनमधलं ‘नंबर ११’, आधी वेळ ठरवल्याशिवाय बघता येत नाही. ती वेळ ठाण्यातूनच घ्या. शेवटच्या दिवशी “बघू, मिळालं तर जाऊ” असं म्हणालात तर बहुधा मिळत नाही.

निघण्याआधी आणखी एक काम आहे, आणि त्यासाठी फक्त हार्बर किंवा ट्रान्स-हार्बरचं तिकीट लागतं. सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये एक सकाळ घालवा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात ही वसाहत उभी केली. सात घरं एका साधारण आठ मीटर बाय आठ मीटरच्या चौकाभोवती, आणि असे तीन गट मिळून पुन्हा एका मोठ्या चौकाभोवती. घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला आपलं घर आपापल्या ऐपतीने वाढवता यावं. आज बरीच घरं पाडून मोठी बांधली गेली आहेत, पण चौक ओळखता येतात. तिथे लोक राहतात, तेव्हा विचारल्याशिवाय फोटो काढू नका. तिथला लहान चौक पावलांनी मोजा आणि त्याच्या मधोमध पाच मिनिटं उभे राहा. आठ मीटर म्हणजे किती, हे अंगात भिनवून घेण्यासाठी हे करायचं. पुढे गॉलच्या एखाद्या वाड्यात शिरल्यावर “हा बेलापूरपेक्षा लहान आहे” असं टेप न काढता म्हणता आलं पाहिजे.

त्याच दिवशी स्केचबुकच्या पहिल्या पानावर आपली मापं लिहा: वीत, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात, चालताना पडणारं एक पाऊल, उभं राहिल्यावर डोळ्यांची उंची, हात वर केल्यावर बोटांची उंची. माझी वीत १९ सेंटिमीटर आहे आणि पाऊल ६८. बऱ्याच ठिकाणी टेप काढला की पहारेकरी हटकतो. वितीला कोणी हटकत नाही.

दुसरी पायरी: तीन रात्री आधी वह्या जमिनीवर पसरा

गॉल किंवा बेंटोट्याच्या मुक्कामी, जेवण झाल्यावर, सगळ्यांनी स्केचबुकं एका खोलीत जमिनीवर उघडून ठेवायची. फोन दुसऱ्या खोलीत. एकमेकांची पानं बघायची आणि प्रत्येक इमारतीबद्दल एकच गोष्ट विचारायची: हिचा सेक्शन मला आत्ता, न बघता, काढता येईल का? प्लॅन बहुतेकांना येतो, कारण प्लॅन पुस्तकात छापलेला असतो. सेक्शनला सगळे अडतात. छप्पर भिंतीवर कसं बसलंय, पायरी किती उंच आहे, बाहेरची जमीन आतल्यापेक्षा किती खाली आहे, पाणी कुठे जातं. जे येत नाही ते वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न म्हणून लिहा. “छपराचा अभ्यास” असं लिहून काही होत नाही. “कौलाखाली काय आहे?” असं लिहा, म्हणजे काय बघायचं ते ठरतं.

त्या छपराचंच उदाहरण देते, कारण आपल्या मुलांना ते चटकन कळतं. कोकणात ज्यांचं गावचं घर नळ्यांचं, म्हणजे अर्धगोल कौलांचं, आहे, त्यांनी पावसाआधीची शाकारणी बघितली असेल. माकडं नाचतात, नळे सरकतात, दरवर्षी वर चढून ते पुन्हा बसवावे लागतात. बावांनी याला एक साधा उपाय काढला. खाली सिमेंटचे नालीदार पत्रे आणि त्यांच्या नाल्यांमध्ये बसतील असे अर्धगोल नळे वर. पाणी पत्रा अडवतो, ऊन आणि आवाज नळा अडवतो, आणि बाहेरून घर गावच्या घरासारखं दिसतं. खालून आतलं छत बघितलं तर हे समजत नाही. वळचणीच्या टोकाला, जिथे नळे संपतात तिथे, मान वाकडी करून बघावं लागतं. सात दिवस बावांची घरं बघून आलेल्या मुलांपैकी दोघा-तिघांनीच ती कड पाहिलेली असते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्या यादीत हा प्रश्न पहिला.

तिसरी पायरी: पुन्हा कुठे जायचं ते ठरवा

नवख्या मुलांना मी सीमा मालकाय सुचवते. कोलंबोच्या मध्यभागी बेयरा तलावात १९७०च्या दशकात बावांनी केलेलं हे बौद्ध ध्यानस्थान आहे. पाण्यावर तीन चौथरे, ते जोडणाऱ्या वाटा, मधल्या चौथऱ्यावर लाकडी पट्ट्यांच्या भिंतींचा मंडप. लहान आहे, साधं आहे, तिथे बसता येतं, आणि एका दुपारी ते पूर्ण समजून घेता येतं. चपला बाहेर काढायच्या, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी अजिबात नाही. तिकडे हा अपमान समजतात, आणि त्याबद्दल लोक फार गंभीर असतात.

आपल्याला तिथे जवळचं वाटायचं आणखी एक कारण आहे. ठाणेकराने तलावपाळीला संध्याकाळ काढलेली असते. मासुंद्याच्या मधोमध महादेवाचं छोटं मंदिर, काठावर कौपिनेश्वर, कठड्यावर बसलेली माणसं. देऊळ, पाणी आणि भोवतालची वाहती गाडी-घोडी, हे तिन्ही आपल्या रोजच्या पाहण्यातलं आहे. मग सीमा मालकायला बसून एकच विचार करा. इथे रस्ता इतका जवळ असून शांत का वाटतं? उत्तर वाटेच्या लांबीत असेल, पायऱ्यांत असेल, त्या लाकडी पट्ट्यांमधल्या फटींत असेल. ते तुम्ही मोजून काढायचं आहे.

ज्यांचा मुक्काम बेंटोट्याला आहे त्यांनी लुनुगंगाला, बावांच्या घर-बागेत, दुसऱ्यांदा जावं. १९४८ मध्ये बावांनी हा रबराचा जुना मळा घेतला आणि पन्नास वर्षं तो घडवत राहिले. घरातून समोरच्या दालचिनीच्या टेकडीकडे नजर जाते, पलीकडे तळं आणि लांबवर स्तूप दिसतो. पहिल्या फेरीत सगळे तो देखावा टिपतात. दुसऱ्या फेरीत चालत जाऊन बघा की त्या दोन उंचवट्यांच्या मधून एक सार्वजनिक रस्ता जातो आणि तो घरातून दिसतच नाही, कारण तो जमिनीत खाली दाबलेला आहे. हा सेक्शन ज्याने स्वतः चालून काढला त्याला साइट लेव्हल हा विषय पुन्हा शिकवावा लागत नाही.

नंबर ११ सर्वांत सुंदर आहे, पण शेवटच्या दिवसासाठी मी ते तिसऱ्या क्रमांकावर ठेवते. फेरी ठरावीक वेळेची असते, बरोबर माणूस असतो, हवं तिथे अर्धा तास बसता येत नाही. गेलात तर एकच गोष्ट धरा. चार लहान बैठ्या घरांची रांग हळूहळू जोडत हे एक घर झालं आहे. आतल्या लांब वाटेत मध्ये मध्ये आभाळाला उघडे लहान चौक आहेत. त्या वाटेवर उजेड किती वेळा बदलतो तेवढंच मोजा आणि बाहेर आल्यावर लगेच, फाटकाजवळ उभं राहून, एका रेघेवर काढा.

एक सूचना कँडीहून आलेल्यांसाठी. तिथे वास्तुविशारद मिनेट डी सिल्वा यांचं काम बघितलं असेल तर त्याचं टिपण या तीन दिवसांत पूर्ण करा. त्या मुंबईत शिकल्या होत्या आणि १९४६ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘मार्ग’ नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी होत्या. बावांच्या आधी त्यांनी स्थानिक कारागिरी आणि आधुनिक बांधणी यांची सांगड घातली. मुलं बावांच्या गर्दीत त्यांना विसरतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

चौथी पायरी: बसा, मोजा, वाट बघा

पुन्हा गेल्यावर पहिला तास कॅमेरा बाहेर काढायचा नाही. एका जागी बसायचं. मग उठून मोजायचं.

मागच्या एका टूरवर गॉलच्या किल्ल्यात आम्ही एका जुन्या घरात उतरलो होतो. आत चौक होता, चारी बाजूंनी पडवी, वर नळ्यांचं उतरतं छप्पर. शेवटच्या दिवशी दुपारी मुलं बॅगा भरत असताना आभाळ एकदम भरून आलं आणि धो धो पाऊस सुरू झाला. एक मुलगी बॅग तशीच टाकून पडवीत येऊन बसली. छपराला पन्हळ नव्हती. पागोळ्या सरळ रेषेत खाली पडत होत्या आणि बरोबर त्यांच्या खाली, भिंतीपासून दोन हातांवर, गोट्यांचा एक वीतभर रुंद पट्टा होता. गोट्यांवर पडल्यामुळे पाण्याचे शिंतोडे पडवीच्या लाद्यांवर येत नव्हते. पडवीची कड चौकापेक्षा चार बोटं वर होती. चौकातलं पाणी एका कोपऱ्याकडे सरकत होतं, इतक्या हळू की उतार डोळ्यांना दिसत नव्हता, पण एक वाळलेलं पान मात्र त्या कोपऱ्याकडे चाललं होतं. तिथे भिंतीच्या तळाशी एका विटेएवढं भोक होतं आणि पलीकडे रस्त्याची गटार. तिने वीस मिनिटांत तो सेक्शन काढला. वितीने, हाताने, बोटांनी मोजून. त्या सगळ्या टूरमधलं सर्वांत चांगलं ड्रॉइंग ते होतं. पाऊस नसता तर तिनेही बॅगच भरली असती.

पाऊस मागून मिळत नाही. पण पाण्याच्या खुणा कोरड्या दिवशीही वाचता येतात. लादीवरचा हिरवट पट्टा, भिंतीच्या तळचा ओलसर डाग, गोटे, जाळी, झिजलेली कड. सिगिरियाच्या पायथ्याशी पाचव्या शतकातल्या बागेत कारंजी आहेत आणि ती पावसाळ्यात आजही उडतात, हे तुम्हाला वाटाड्याने सांगितलं असेल. पाणी उंचावरून कुठून येतं हे किती जणांनी मागे वळून पाहिलं?

काय मोजायचं, तर सुरुवात पायरीने करा. चढाव दोनदा आणि पायरीची खोली एकदा, अशी बेरीज साधारण ६० ते ६४ सेंटिमीटर भरते, हे दुसऱ्या वर्षात शिकवतात. तिथल्या बागेतल्या पायऱ्या मोजा आणि बघा बेरीज कुठे जाते, आणि चालण्याचा वेग कसा बदलतो. मग बसायच्या कट्ट्याची उंची, खिडकीच्या खालच्या कडेची उंची बसून आणि उभं राहून, आणि वळचणीच्या सर्वांत खालच्या टोकाची उंची. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. मोठ्या छपराची कड माणसाच्या डोक्याजवळ आणली की घर लहान आणि थंड वाटतं.

वळचण किती बाहेर आली आहे ते मोजलंत तर पुढचं गणितही करा, कारण इथे मुलं हमखास चुकतात. कोलंबो विषुववृत्ताच्या उत्तरेला ७ अंशांवर आहे, ठाणे १९ अंशांवर. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी कोलंबोत सूर्य क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर असतो, ठाण्यात ४७. म्हणजे एक मीटर बाहेर आलेली वळचण दक्षिणेच्या भिंतीवर तिकडे साधारण पावणेदोन मीटर सावली टाकते, आणि आपल्याकडे एक मीटर दहा सेंटिमीटर. तिकडचं छप्पर जसंच्या तसं घोडबंदर रोडच्या साइटवर उतरवलं तर हिवाळ्यात ऊन खोलीत येईल. ते हवंय की नको, हा तुमचा डिझाइनचा निर्णय. पण तो जाणूनबुजून घेतलेला असावा.

जागा वापरणाऱ्या माणसांशी बोला. झाडणाऱ्या ताईंना विचारा की कुठे सर्वांत जास्त पालापाचोळा साठतो, माळीकाकांना विचारा की पाणी कुठे तुंबतं. इंग्रजी जमलं नाही तर हातवाऱ्यांनी. तिकडे आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला ‘अय्या’ आणि लहानाला ‘मल्ली’ म्हणतात, धन्यवादाला ‘इस्तुती’. दादा-भाऊ म्हणायची आपली सवय तिथे उपयोगी पडते.

पाचवी पायरी: फोटो हरवू नयेत म्हणून

हे काम रोज रात्रीचं आहे, पण कोणी रोज करत नाही. निदान शेवटच्या दोन रात्री करा. फोटोंच्या तीन प्रती हव्यात: एक फोनमध्ये, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्याच्या बॅगेत. माझी हार्ड डिस्क आणि फोन एकाच पाठपिशवीत असताना ती पिशवी बसमध्ये राहिली होती. मिळाली, पण ते दोन तास मला अजून आठवतात. गटात जोड्या लावा आणि प्रत्येकाने जोडीदाराचं मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह आपल्या बॅगेत ठेवा.

स्केचबुकाचं प्रत्येक पान फोनवर टिपून घ्या. वही भिजली तर तेवढंच उरतं. फोल्डरला तारीख आणि जागेचं नाव द्या. आणि पुढच्या वेळेसाठी एक सवय लावून घ्या: कुठल्याही इमारतीत शिरताना पहिला फोटो पाटीचा, निघताना शेवटचा फोटो आपल्या तळहाताचा. दोन तळहातांच्या मधलं सगळं एका इमारतीचं. महिन्याभराने कुठली खिडकी कुठल्या घराची हे शोधत बसावं लागत नाही.

सहावी पायरी: खरेदी आणि नमुने

घरच्यांसाठी चहा, दालचिनी घ्या, त्यात काही चूक नाही. सिलोन चहाच्या पाकिटावर सिंहाचं चिन्ह असतं ते बघून घ्या. हातमागाचे कापडाचे तुकडे घ्या. रंगांच्या शीटसाठी ते उत्तम नमुने असतात आणि वजन काहीच नसतं. वास्तुकलेची मोठी पुस्तकं जड असतात. तीन जणांत एक घ्या आणि कोणाच्या बॅगेत जाईल ते आधी ठरवा.

मुलांना सामानाचे नमुने आणायचा मोह होतो: गॉलच्या तटबंदीजवळ पडलेला पोवळ्याचा दगड, अनुराधापुऱ्याची विटेची कपची, मूठभर तांबडी माती, एखादं बी. यातलं काहीही उचलू नका. पुरातन स्थळावरची वस्तू हलवणं हा तिकडे गुन्हा आहे, आणि माती, बी, रोप भारतात आणायला वनस्पती संगरोधाचे नियम आडवे येतात. त्याऐवजी दगडावर कागद धरून पेन्सिलीने घासून पोत उतरवून घ्या. तेही पुरातन स्थळावर नको, हॉटेलच्या अंगणात किंवा बाजारातल्या फरशीवर. रंगासाठी दगडाशेजारी पांढरा कागद ठेवून फोटो काढा. पांढरा किती पांढरा दिसतो त्यावरून नंतर रंग सुधारता येतो.

पैशांबद्दल थोडक्यात. २०२४ पासून श्रीलंकेत बऱ्याच दुकानांत क्यूआर स्कॅन करून यूपीआयने पैसे देता येतात, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत जास्त रोख काढू नका. उरलेले श्रीलंकन रुपये काटुनायके विमानतळावरच बदला. ठाण्यात ते घेणारं कोणी शोधण्यात दिवस जातो. रिक्षासाठी सुटे मात्र बाजूला ठेवा.

सातवी पायरी: बॅग

कटर, कंपास, स्टीलची पट्टी, कात्री आणि टेप चेक-इनच्या बॅगेत. पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या, हार्ड डिस्क आणि स्केचबुक हातातल्या बॅगेत. हे उलटं झालं तर काउंटरवर सगळी बॅग उघडावी लागते, आणि मागे चाळीस मुलं उभी असतात. ड्रॉइंगची नळी असेल तर ती हातातल्या सामानात धरतात का ते विमान कंपनीला आधीच विचारून घ्या. वजन आदल्या रात्री करा. चहा आणि पुस्तकांनी बॅग किती जड होते याचा अंदाज कोणालाच येत नाही.

विमानतळ कोलंबो शहराच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर आहे. द्रुतगती मार्ग आहे, पण शहरातून त्या मार्गापर्यंत पोचायलाच वेळ लागतो. घोडबंदरकरांना हे वेगळं सांगायला नको.

आठवी पायरी: विमानातले अडीच तास

इथे नेट नाही आणि कोणी हाक मारत नाही. चित्रपट लावू नका. वहीच्या शेवटच्या पानावरचे प्रश्न उघडा आणि ज्यांची उत्तरं मिळाली ती आपल्या शब्दांत लिहा, शेजारी लहानसं चित्र काढा. ज्यांची नाही मिळाली त्यांच्यापुढे तसं स्पष्ट लिहा. ज्युरीत “हे मला बघायचं राहिलं” असं सांगणारा विद्यार्थी मला आवडतो. मनाने सेक्शन भरून आणणारा एका प्रश्नात सापडतो.

मुंबईत उतरल्यावर सरांना सांगितल्याशिवाय कोणीही पालकांबरोबर परस्पर निघू नये. चाळीस डोकी मोजून होईपर्यंत थांबायचं. आई-बाबा गेटवर कितीही हात हलवोत.

नववी पायरी: ठाण्यातला पहिला आठवडा

दुसऱ्या दिवशी झोप काढा. तिसऱ्या दिवशी बटर पेपर काढा. एक विसांश ते एक पन्नासांश, कुठलंही एक प्रमाण धरा, पण दोन्ही जागांना तेच धरा. एका पट्टीवर शेवटच्या दिवशी मोजलेल्या जागेचा सेक्शन, तिच्याखाली आपल्याकडच्या जागेचा. सीमा मालकाय काढलंत तर खाली तलावपाळी: रस्ता, पदपथ, कठडा, पायऱ्या, पाणी. गॉलचा चौक काढलात तर खाली बेलापूरचा. तिथे पुन्हा जा, त्याच पावलांनी मोजा. निघण्याआधी मोजला होता तोच चौक आता वेगळा दिसेल. सकाळी आठच्या आत गेलात तर उन्हाची तिरपी रेघ जमिनीचे चढउतार दाखवते, आणि घरांतली मोठी माणसं बाहेर असतात, त्यांच्याशी बोलता येतं.

टूर बहुधा डिसेंबर-जानेवारीत असते आणि सबमिशन मार्चच्या आत आटोपतं. शीटवर मार्क पडले की ती गुंडाळून पलंगाखाली जाते. ती तशी ठेवू नका, दाराजवळ ठेवा. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस लागला की छत्री, ती शीट आणि एक निळी पेन्सिल घेऊन बेलापूरच्या त्या चौकात जा, कोणाच्या तरी पडवीत विचारून उभे राहा, आणि पाणी कुठून येतं नि कुठे जातं ते निळ्या रेघांनी तिच्यावर काढा.